पायांचे वाटप आणि चालण्याचा प्रश्न

जिल्ह्याच्या ठिकाणी मंडप उभारावा, त्यात तीनचाकी सायकलींची रांग लावावी, व्यासपीठावरून कुबड्यांचे जोड लाभार्थींच्या हाती द्यावेत, छायाचित्रे निघावीत आणि दुसऱ्या दिवशी वाटलेल्या साधनांची संख्या वर्तमानपत्रांत प्रसिद्ध व्हावी, हा क्रम नांदेड-लातूरकडील वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अशा कार्यक्रमांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्याच्या हाती काहीच पडले नसते त्याच्या हाती काही पडले, ही गोष्ट लहान म्हणता येणार नाही. परंतु साधने किती वाटली हा एक प्रश्न झाला आणि त्यांतील किती माणसे पुन्हा चालू लागली, कामावर रुजू झाली, हा अगदी वेगळा प्रश्न झाला. पहिल्याचे उत्तर सरकारी दप्तरात तयार असते. दुसरा प्रश्न विचारण्याची प्रथाच पडलेली नाही.

अर्थशास्त्रात या दोन प्रश्नांतील भेद फार पूर्वीच स्पष्ट झाला आहे. अमर्त्य सेन यांनी 1979 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात समतेचे मोजमाप कशात करायचे, असा प्रश्न उपस्थित केला आणि अपंग माणसाचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, दोघांच्या हाती सारखीच वस्तू किंवा सारखाच पैसा दिला तरी दोघांना सारखे जगता येते असे नाही. सायकल ही वस्तू आहे. तिच्यावरून जा-ये करता येणे ही क्षमता आहे. पहिलीचे दुसरीत रूपांतर होण्यासाठी रस्ता लागतो, शरीर लागते, दुरुस्ती करणारा लागतो. एक पाय गमावलेल्या माणसासाठी कोणते साधन चांगले, याचा विचार या दृष्टीने केला म्हणजे साधनांची नुसती किंमत पाहून भागत नाही, हे ध्यानात येते.

प्रश्नाची व्याप्ती किती, हे सांगणे सोपे नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंगांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे 54 लाखांचे अपंगत्व चलनवलनाचे होते. पोलिओने पाय लुळा पडलेला, कण्याला इजा झालेला आणि पाय कापावा लागलेला, या सर्वांची मोजणी त्या एकाच रकान्यात झाली. पोलिओचा आता निकाल लागला आहे. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. मात्र पाय जाण्याची इतर कारणे घटण्याऐवजी वाढत आहेत. महामार्ग रुंद झाले आणि दुचाकींचा वेग वाढला. मळणीयंत्रे खेडोपाडी पोहोचली, त्यांच्यावर काम करणाऱ्यांना सुरक्षेचे शिक्षण मात्र पोहोचले नाही. शिवाय मधुमेह आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर असल्याचा अंदाज निघाला. अनवाणी किंवा तुटक्या चपलेने शेतात वावरणाऱ्या मधुमेही माणसाच्या तळपायाला संवेदना राहत नाही, काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि मग बोट, पाऊल, पोटरी असा क्रम सुरू होतो. अपघातात पाय गेलेला तरुण आणि साखरेने पाय गेलेला साठीचा गृहस्थ यांना एकच साधन एकाच शिबिरात एकाच दिवशी देणे, हे दोघांवरही अन्याय करण्यासारखे आहे.

गुडघा वाचला की गेला

साधनांची तुलना करू लागले की पहिला प्रश्न येतो तो गुडघ्याचा. गुडघा शाबूत राहिला तर कृत्रिम पायावर चालताना धडधाकट माणसापेक्षा ढोबळमानाने पाव हिस्सा अधिक श्रम पडतात. रक्तवाहिन्यांच्या विकाराने पाय गेला असेल तर त्याहून काही अधिक. गुडघ्याच्या वर पाय कापला गेला तर हेच श्रम दीडपटीच्या पुढे जातात आणि वृद्ध, दुर्बल रुग्णांत दुपटीच्या घरात पोहोचतात. म्हणजे ज्याचे हृदय आधीच कमकुवत आहे अशा साठीच्या मधुमेही माणसाला मांडीपासूनचा पाय बसवून दिला आणि तो त्याने कोपऱ्यात ठेवला, तर त्यात त्याच्या आळसाचा भाग थोडा आणि शरीराच्या हिशेबाचा भाग मोठा असतो. अशा माणसाला घरात फिरण्यापुरता वॉकर, बाहेर पडण्यासाठी चाकांची खुर्ची आणि शौचासाठी बसते आसन मिळाले तर त्याचे दिवस अधिक सुखाचे जातील. उलट पंचविशीच्या, गुडघा वाचलेल्या मजुराला चाकांच्या खुर्चीत बसविणे म्हणजे त्याला कायमचे परावलंबी करणे होय.

साधनाची निवड शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच बरीचशी ठरून जाते, ही गोष्ट आपल्याकडे फारच कमी लोकांना माहीत असते. दुखते म्हणून घरचे लोक प्रेमाने उरलेल्या पायाखाली उशी ठेवतात. रुग्ण दिवसच्या दिवस पाय दुमडून बसतो. महिना-दोन महिन्यांत गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे कितीही उत्तम कृत्रिम पाय आणला तरी तो नीट बसत नाही. उशी न ठेवणे, दिवसातून काही वेळ पालथे निजणे, उरलेल्या भागाला टोकाकडे घट्ट आणि वर सैल होत जाणारी पट्टी बांधणे, या गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. रुग्णाला घरी सोडताना कोणीतरी त्या समजावून सांगाव्या लागतात, इतकेच. नसलेल्या पायात ठणका मारतो, असे रुग्ण म्हणू लागला की घरचे घाबरतात, कोणी त्याला वेड्यात काढतात, कोणी देवऋष्याकडे धावतात. ही वेदना खरी असते, वैद्यकाला ती चांगली ठाऊक आहे, आणि तिच्यावर उपाय आहेत.

काळी माती आणि कुबडी

कुबडी सर्वांत स्वस्त. ती पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते आणि कृत्रिम पाय मिळालेल्यालाही रात्री-अपरात्री तिचाच आधार असतो. पण तिची खरी किंमत बाजारातील किमतीपेक्षा बरीच मोठी आहे, कारण ती दोन्ही हात गुंतवून टाकते. कुबड्यांवर उभ्या असलेल्या शिक्षकाला फळ्यावर लिहिता येत नाही, कारकुनाला कपाटातील दप्तर काढता येत नाही, बाईला घागर उचलता येत नाही. काखेवर भार देऊन वर्षानुवर्षे चालणाऱ्याच्या हाताच्या शिरा दबून बोटे बधिर होतात. भार काखेवर न टाकता हाताच्या मुठीवर पेलायचा असतो, हे कुबडी देताना क्वचितच सांगितले जाते. त्यात मराठवाड्याची काळी माती. मृगाच्या दोन सरी पडल्या की सोयाबीनच्या बांधावर सबळ माणसाचे पाय घोट्यापर्यंत रुततात. तेथे कुबडीच्या रबरी टोकाची काय कथा!

चाकांच्या खुर्चीची अडचण निराळी. ती रुग्णालयाच्या फरशीवर, विमानतळावर किंवा महानगरातील सदनिकेत शोभते. उंबरठा, अरुंद दार, अंगणातील उतार आणि गल्लीतील उघडे गटार, यांपुढे तिची मात्रा चालत नाही. हाताने चालवायची तीनचाकी सायकल या बाबतीत पुष्कळ सरस आहे. ती घरात येत नाही हे खरे, परंतु ती कच्च्या रस्त्यावर चालते, तिच्यावर दोन पोती किंवा भाजीची पाटी लादता येते, आणि बसस्थानकासमोर तिच्यातूनच लहानसे दुकान थाटता येते. तिचा आणखी एक गुण आहे आणि तो कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. तिची साखळी, तिची नळी, तिचे छर्रे हे सर्व साध्या सायकलीसारखे असल्यामुळे गावातील सायकल-दुरुस्तीवाला ती दुरुस्त करू शकतो. विजेरीवर चालणारी तीनचाकी आली तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले, आणि चढावर हात दुखून येणाऱ्याला तिचे मोल निश्चितच आहे. पण विजेरीचा संच निकामी झाल्यावर नव्याची रक्कम ऐकून कित्येक घरांना गाडी तशीच उभी ठेवावी लागते. साधन जितके आधुनिक, तितका त्याला दुरुस्त करणारा माणूस दूर, असा हा उलटा हिशेब आहे.

कृत्रिम पायाच्या बाबतीत भारताने जगाला काही दिले आहे, त्याची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. पाश्चात्त्य बनावटीचा पाय बुटात घालण्यासाठी घडविलेला होता. उकिडवे बसणे, मांडी घालणे, चिखलातून अनवाणी जाणे, या गोष्टी त्याच्या रचनेतच नव्हत्या. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि तेथील कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस रबर आणि लाकूड यांचा मेळ घालून असे पाऊल तयार केले की ज्यावर बूट न घालता चालता येते, ज्याला घोट्यासारखी लवचीकता आहे आणि जे दिसायलाही पावलासारखे दिसते. रामचंद्र शर्मा यांचे शालेय शिक्षण जेमतेम होते. त्यांची विद्या हातांत होती. डॉ. सेठी यांना 1981 साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी अपघातानंतर पाय गमावलेल्या नृत्यांगना सुधा चंद्रन या पुढे जयपूर पायावर रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि हे नाव घरोघरी पोहोचले.

परंतु या कथेतील शिकण्यासारखा भाग वेगळाच आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो. हे पाऊल तयार झाल्यानंतरच्या पहिल्या सहा-सात वर्षांत ते जेमतेम पन्नास-साठ माणसांनाच मिळाले. शोध उत्तम होता, किंमत कमी होती, कारागीर तेथेच होता, तरीही. 1975 साली देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि रुग्णाने केव्हाही यावे, त्याच्या व सोबत्याच्या राहण्याजेवणाची सोय व्हावी, माप, बनावट आणि सराव एकाच मुक्कामात उरकावेत, अशी घडी बसविली. त्यानंतर संख्या हजारांत आणि पुढे लाखांत गेली. पाऊल तेच होते. बदलली ती पद्धत. रुग्णाने पाच वेळा हेलपाटे घालायचे की कारखान्याने त्याच्या एका फेरीत काम संपवायचे, एवढाच तो फरक.

महाराष्ट्रालाही या क्षेत्रात परंपरा नाही असे नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1944 साली जखमी सैनिकांसाठी सुरू झाले. मुंबईत हाजी अली येथे भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था 1955 पासून उभी आहे. दोन्ही संस्था नामांकित आहेत. दोन्हींचा दोष एवढाच की त्या किनवट-माहूरपासून आणि देगलूर-मुखेडपासून फार दूर आहेत. नांदेडहून पुणे सुमारे साडेचारशे किलोमीटर आहे. सोबत एक माणूस लागतो, दोघांची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. एसटीच्या भाड्यात अपंगांना 75 टक्के सवलत आहे खरी. गाडीच्या पहिल्या पायरीच्या उंचीत मात्र कोणतीच सवलत नाही.

तीन वर्षांचा नियम

आता पैशाचा हिशेब पाहू. कृत्रिम पायाचा प्राण त्याच्या सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय जीत बसतो त्या खोबणीत असतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष, कधी दीड वर्ष, उरलेला भाग आकसत जातो. आज घट्ट बसलेली खोबणी काही महिन्यांत सैल होते, पाय आत सरकतो, घासतो, कातडी सोलते. मधुमेही माणसाच्या बाबतीत ही घासणूक म्हणजे पुन्हा जखम आणि कदाचित पुन्हा शस्त्रक्रिया. म्हणून पहिल्या वर्षात खोबणी एकदा, कधी दोनदा बदलावी लागते. केंद्र सरकारची साहाय्यक साधनांची योजना 1981 पासून, म्हणजे आंतरराष्ट्रीय अपंग वर्षापासून चालू आहे. कानपूरचा सरकारी कारखाना त्याआधी, 1972 साली स्थापन झालेला. या योजनेत एकदा साधन मिळालेल्या प्रौढाला त्याच कारणासाठी तीन वर्षे पुन्हा मदत मिळत नाही. सायकलीला हा नियम शोभेल. आकसत जाणाऱ्या शरीराला तो कसा लावावा? नियमपुस्तकात पश्चात्-सेवेचा उल्लेख आहे. परंतु मंडप उठल्यावर ती सेवा देणारा माणूस तालुक्यात उरत नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा भूकंप लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील लोक विसरलेले नाहीत. किल्लारी-सास्तूर भागात दगडमातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, जवळजवळ आठ हजार माणसे दगावली आणि हजारो जायबंदी झाली. मदतीचा ओघ जगभरातून आला. अशा वेळी विसाव्या वर्षी पाय गमावलेला तरुण आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. कृत्रिम पाय तीन ते पाच वर्षे टिकतो असे धरले तर एवढ्या काळात त्याला किमान सहा आणि कदाचित दहा पाय लागले असणार. पहिला पाय देणारे पुष्कळ असतात. सहावा पाय कोण देतो? ज्याला अर्थशास्त्रात आवर्ती खर्च म्हणतात, तो कोणत्याच समारंभात दिसत नाही; म्हणूनच त्याची तरतूद सर्वांत तोकडी राहते.

कायद्याच्या संरक्षणातही अशीच विषमता आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20 नुसार सरकारी नोकराला सेवेत असताना अपंगत्व आले तर त्याला काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. त्या पदाचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाला किंवा तहसील कचेरीतील कारकुनाला हे संरक्षण आहे, आणि ते असलेच पाहिजे. पुष्कळांना त्याची माहिती नसते आणि भिडेखातर ते स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून देतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. शेतकऱ्याला अपघातात एक पाय गेला तर राज्याच्या अपघात योजनेतून 1 लाख रुपये मिळतात. परंतु त्यासाठी त्याचे किंवा त्याच्या घरातील खातेदाराचे नाव सातबारावर असावे लागते. दुसऱ्याच्या मळणीयंत्रावर रोजाने राबणाऱ्या भूमिहीन मजुराच्या वाट्याला यांतील काहीच येत नाही. ज्याचे पोट पायांवर सर्वाधिक अवलंबून, त्याचे संरक्षण सर्वांत कमी.

अपंगत्वाची टक्केवारी ठरविण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. पाय कोठून गेला यावर आकडा ठरतो. घोट्यातून गेला तर 55, गुडघ्यातून गेला तर 75, मांडीच्या खालच्या तिसऱ्या भागातून गेला तर 80, असे कोष्टक आहे. मोजणी सोपी व्हावी यासाठी ते ठीक. पण गुडघ्यातून पाय गेलेला लेखनिक आणि गुडघ्यातूनच पाय गेलेला ऊसतोड कामगार यांच्या प्रमाणपत्रावर एकच आकडा असतो आणि त्यांच्या आयुष्यातील नुकसानीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बाईमाणसाच्या बाबतीत तर घरात कोणी हिशेबच मांडत नाही. चूल जमिनीवर, धुणे जमिनीवर, शौचकूप उकिडवे बसण्याचा. घराबाहेर कमवायला जात नाही म्हणून तिच्या पायाची निकड कमी मानली जाते. मुळात खाली बसणे-उठणे तिलाच दिवसातून शंभर वेळा करावे लागते आणि जयपूर पायाचा खरा लाभ तिलाच सर्वाधिक आहे. अपंग हा शब्द जाऊन दिव्यांग हा शब्द आला, डिसेंबर 2022 मध्ये राज्यात या कामासाठी स्वतंत्र विभागही निघाला. कचेऱ्यांचे जिने होते तेथेच आहेत.

मग करायचे काय? जयपूर पद्धतीचा पाय बनविण्यासाठी लागणारी सामग्री राजेशाही नाही. प्लास्टरचा साचा, पाण्याच्या नळासाठी वापरतात त्या जातीचा प्लास्टिकचा नळ, तो तापवून मऊ करण्याची भट्टी, काही हत्यारे आणि हात बसलेला कारागीर, एवढ्यावर काम होते. नांदेडला 1988 पासून आणि लातूरला या शतकाच्या आरंभापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पाय कापण्याची शस्त्रक्रिया ज्या इमारतीत होते, त्याच इमारतीत खोबणी घडविणारी आणि वारंवार बदलून देणारी कार्यशाळा वर्षाचे बारा महिने चालली पाहिजे, शिबिराच्या तारखेची वाट न पाहता. तिचे यश किती नवे पाय दिले यावर मोजू नये. जुना पाय घेऊन दुरुस्तीला परत आलेली माणसे किती, हा आकडा तिच्या फलकावर लिहावा; कारण जो वापरतो तोच दुरुस्तीला येतो. तीन वर्षांच्या नियमातून पहिल्या वर्षाची खोबणी वगळावी, ही मागणी या भागातील लोकप्रतिनिधींनी दिल्लीकडे लावून धरण्याजोगी आहे.

पैसा कोठून आणायचा, या नेहमीच्या आक्षेपाला येथे आधार नाही. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम अपंगांसाठी खर्चावी, असा राज्याचा दंडक आहे. एखाद्या पंचायतीचे उत्पन्न 4 लाख धरले तर ही रक्कम 20 हजार होते आणि वर्षअखेरीस ती नोंदणीकृत अपंगांत हजार-पाचशे रुपयांच्या हिश्शाने वाटून संपते. अशा चाळीस-पन्नास गावांनी या रकमेचा काही भाग पंचायत समितीकडे एकत्र केला तर एका तंत्रज्ञाचे वेतन, सुटे भाग आणि त्याच्या फिरतीचा खर्च यांतील मोठा वाटा त्यातूनच निघतो. असा तंत्रज्ञ आठवड्यातून एक दिवस मुखेड, देगलूर, अहमदपूर, निलंगा येथील रुग्णालयांत बसला, सैल झालेल्या खोबण्या, झिजलेले पट्टे आणि कुबड्यांची रबरे त्याने तेथेच बदलून दिली, आणि सोयाबीनच्या काढणीपूर्वी व ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडण्यापूर्वी एक-एक जादा फेरी केली, तर पुण्या-मुंबईच्या खेपा बऱ्याच अंशी वाचतील.